पंख्याची करकर आणि चिंचवडचं बेअरिंग

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इतिहास म्हटलं की आपल्याला गड आठवतात, लढाया आठवतात. चाकणचं नाव काढलं की संग्रामदुर्ग आणि १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे तो लढवणारे फिरंगोजी नरसाळा आठवतात. ते आठवायलाच हवं. पण आज मी तुम्हाला त्याच परिसरातला एक लहानसा इतिहास सांगणार आहे. न्हाणीघराच्या भिंतीत वर बसवलेल्या, हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचा. आपण त्याला एक्झॉस्ट फॅन म्हणतो.

चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, भोसरी, चिखली या भागात आपल्यातल्या कितीजणी भाड्याच्या खोल्यांत राहतात. कुणाची लेक राहते, कुणाचा मुलगा-सून राहतात. तिथल्या न्हाणीघरात खिडकी नसते, असलीच तर वीतभर. म्हणून हा पंखा असतो. वर्ष-दोन वर्षं तो नीट चालतो. मग एक दिवस खडखडायला लागतो, किरकिरायला लागतो. पहाटेच्या पाळीहून आलेलं माणूस झोपलेलं असतं, पोरांचा अभ्यास चाललेला असतो. मग आपण काय करतो? बटण बंद करतो. ते कायमचंच बंद राहतं.

पंखा का ओरडतो, तो गप्प कसा करायचा आणि तो बंद ठेवणं का महागात पडू शकतं, हे आज बघू. पण आधी तो आपल्या घरात आला कसा, ते ऐका.

न्हाणी होती तेव्हा

आपल्या आजीच्या घरी पंखा नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. न्हाणी घराच्या मागं असायची. तीन बाजूंना कूड किंवा अर्धी भिंत, वर आभाळ. खाली एक दगड. पाणी वाहून जायचं ते अळूच्या नाहीतर केळीच्या बुडाशी. पाणी तापायचं ते चुलीवर किंवा तांब्याच्या बंबात, आणि बंबाचा धूर मोकळ्यावर जायचा. वाफ आणि दमट हवा कुठं गेली, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. त्या न्हाणीत बाईला आडोसा कमी होता, थंडीत कुडकुडायला व्हायचं, अंधार असताना उठून उरकावं लागायचं. तेव्हा जुनं सगळं चांगलं होतं असं काही मी म्हणत नाही. पण हवा मोकळी होती, एवढं खरं.

घरात हवा-उजेड हवा, ही गोष्ट आपल्याकडे सरकारदरबारी गाजली ती प्लेगच्या वेळी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात पसरला. त्या काळच्या अधिकाऱ्यांचा समज असा की रोग अंधाऱ्या, कोंदट घरात राहतो. म्हणून घरांना चुना फासला, मुंबईत कुठं कुठं कौलं काढून घरात ऊन पाडलं. पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. लोक चिडले. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँड या प्लेग अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. हा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू अशी की पुढच्याच वर्षी, १८९८ साली, मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि इमारतींना उजेड किती हवा, हवा किती हवी, याचे नियम बनू लागले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे नंतर उमगलं. पण कोंदट घर आरोग्याला वाईट, हे काही खोटं ठरलं नाही. क्षयरोग, दमा, भिंतीवरची बुरशी, यांचा आणि बंद हवेचा संबंध आजही आहे.

पट्टा उभा राहिला

पुढची गोष्ट पिंपरीची. १९५४ साली इथं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, पेनिसिलिन बनवायला. पेनिसिलिन एका बुरशीपासून मिळतं. ती मोठमोठ्या टाक्यांत वाढवतात आणि तिला सतत गाळलेली, स्वच्छ हवा द्यावी लागते. हवा थांबली की बुरशी मेली. म्हणजे या पट्ट्यातल्या पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी एकाचं सगळं काम हवा खेळती ठेवण्यावरच उभं होतं.

१ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, सुरू झाली. पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळावर कारखान्यांच्या रांगा लागल्या. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर, १९६६ पासून टेल्को. १९७० साली गावं एकत्र करून नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. नव्वदच्या दशकापासून उद्योग चाकणकडे सरकले. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण मोटारींसाठी ओळखलं जाऊ लागलं. २००९ साली तिथं फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ आणखी आले.

कारखान्यामागे माणसं आली. माणसांना खोल्या हव्या झाल्या. शेताच्या बांधावर दोन-तीन मजली इमारती उभ्या राहिल्या. जागा महाग, म्हणून न्हाणीघर इमारतीच्या पोटात गेलं. मागच्या अंगणातली न्हाणी चार बाय चार फुटांची बंद खोली झाली. बाईला आडोसा मिळाला, कडी मिळाली, नळ मिळाला. हवा मात्र गेली. ती परत आणायचं काम त्या एका पंख्यावर आलं.

जे फिरतं ते करकरतं

आता यंत्राकडे वळू. विजेवर चालणारा टेबलपंखा १८८२ साली अमेरिकेत शायलर व्हीलर या माणसानं केला. १८८८ साली निकोला टेस्ला यांनी अशा मोटरीचे पेटंट घेतले की जिच्यात फिरणाऱ्या भागाला तारेनं वीज पोचवावी लागत नाही. बाहेरच्या वेटोळ्यातून वीज गेली की आतला गाभा आपोआप ओढला जाऊन फिरतो. आपल्या न्हाणीघरातल्या पंख्यात याच जातीची मोटर असते. यातून एक उपयोगाची गोष्ट कळते. अशा मोटरीत सतत घासली जाणारी जागा एकच, ती म्हणजे दांडा जिथं टेकलेला असतो ती. म्हणून पंखा जुना झाला की पहिली तक्रार तिथून येते.

ही अडचण नवी नाही. बैलगाडीचा आस आणि तुंबा एकमेकांवर घासतात, म्हणून गाडीला वंगण लागायचं. गाडीवान एरंडेलात भिजवलेली चिंधी बाळगायचा. वंगण सरलं की गाडी अशी करकरायची की वेशीबाहेरूनच कळावं कुणाची गाडी आली. जात्याचा खुंटा, विहिरीवरचा रहाट, शिवणयंत्राचं चाक, सगळीकडे नियम तोच. दोन कठीण वस्तू एकमेकींवर फिरल्या की मध्ये काहीतरी मऊ किंवा गोल हवं.

मऊ म्हणजे तेल. गोल म्हणजे छर्रे. १७९४ साली वेल्समधल्या फिलिप व्हॉन नावाच्या माणसानं गाडीच्या आसात लोखंडी गोळ्या बसवण्याचं पेटंट घेतलं. १८८३ साली जर्मनीत फ्रीड्रिश फिशर यांनी पोलादाचे छर्रे अगदी एकसारखे गोल घासणारं यंत्र बनवलं. छर्रे एकसारखे नसतील तर सगळा भार मोठ्या छर्र्यावर येतो आणि तो फुटतो. दहाजणींनी मिळून ओझं उचललं आणि एकीचीच उंची जास्त असली तर भार तिच्याच डोक्यावर येतो, तसंच हे.

मग गोष्ट येते स्वीडनमध्ये. गोटेनबर्ग शहरात एक कापड गिरणी होती. तिची जमीन चिकणमातीची. जमीन खचायची, गिरणीचे लांबलचक दांडे वाकडे व्हायचे आणि त्यांची बेअरिंग वरचेवर फुटायची. गिरणीतल्या दुरुस्तीचं काम बघणारे स्वेन विंगक्विस्ट यांनी या त्रासाचा पाठपुरावा केला. त्यांनी छर्र्यांच्या दोन रांगा असलेलं असं बेअरिंग बनवलं की दांडा थोडा वाकडा झाला तरी ते स्वतःला जुळवून घेतं. १९०७ साली त्यांनी कंपनी काढली, एसकेएफ. लक्षात घ्या, रोजची दुरुस्ती करणाऱ्या माणसानं "हे पुन्हा पुन्हा का मोडतं?" हा प्रश्न सोडला नाही, म्हणून एवढा मोठा शोध लागला.

ही कंपनी आपल्या चिंचवडला आली. १९६१ साली असोशिएटेड बेअरिंग कंपनी या नावानं तिची भारतात स्थापना झाली आणि १९६५ च्या सुमाराला चिंचवडच्या कारखान्यातून बेअरिंग बाहेर पडू लागली. तीच आजची एसकेएफ इंडिया.

लहान पंख्यात मात्र पुष्कळदा छर्र्यांचं बेअरिंग नसतं. तिथं बुश असते, पितळेसारख्या दिसणाऱ्या धातूची छोटी नळी. ही साधी नळी नाही. धातूची भुकटी साच्यात दाबून, भट्टीत तापवून ती बनवतात. त्यामुळे तिच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांत तेल मुरवलेलं असतं. दांडा फिरून गरम झाला की तेल पाझरतं, थंड झाला की परत आत शोषलं जातं. माठाला पाणी पाझरतं तसंच, फक्त इथं तेल. धातूच्या भुकटीपासून भाग बनवणारा महिंद्र सिंटर्ड प्रॉडक्ट्स हा कारखाना पिंपरीतच होता. म्हणजे पंख्याच्या पोटातले हे दोन्ही जिन्नस, बेअरिंग आणि बुश, यांचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. त्या कारखान्यांत आपल्याच गावांतली माणसं कामाला गेली. घरी मात्र पंखा किरकिरला की आपण वायरमनची वाट बघत बसतो.

तेलाची बुधली कुणाच्या हातात?

असं का झालं? त्याचंही एक कारण कायद्याच्या पुस्तकात सापडतं. १९४८ चा कारखाने कायदा २०२५ पर्यंत लागू होता, त्यात २२ वं कलम होतं. चालू असलेल्या यंत्राची तपासणी किंवा तेल-वंगण करणं भागच असेल तर ते खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगारानंच करावं. त्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकानं पुरवावेत. पुढे म्हटलं होतं की मुख्य यंत्र आणि शक्ती वाहून नेणारे भाग चालू असताना ते साफ करणं, त्यांना तेल घालणं, ते जुळवणं ही कामं स्त्रीला किंवा अल्पवयीन व्यक्तीला करू देऊ नयेत.

हेतू चांगला होता. पदर, वेणी, बांगडी फिरत्या दांड्यात अडकून जीव गेल्याच्या घटना गिरण्यांमध्ये घडत होत्या. पण बघा कसं झालं. पुरुषाला शिक्षण मिळालं आणि घट्ट कपडे मिळाले, बाईला मनाई मिळाली. तिलाही तेच शिक्षण आणि तेच कपडे देता आले असते. कायदा चालू यंत्रापुरता बोलत होता. समजूत मात्र अशी पसरली की यंत्र बाईचं कामच नाही.

ही समजूत मोडण्याची एक गोष्ट याच पट्ट्यातली आहे. १९७४ साली टेल्कोनं इंजिनियर हवेत म्हणून जाहिरात दिली आणि त्यात स्त्रियांनी अर्ज करू नये असं लिहिलं. बंगळुरूला शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी या मुलीनं थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून याचा जाब विचारला. तिला पुण्याला मुलाखतीला बोलावलं गेलं आणि नोकरीही मिळाली. त्याच पुढे सुधा मूर्ती म्हणून सगळ्यांना माहीत झाल्या. आज त्याच टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात मोटारींची जोडणी करणारी एक अख्खी लाईन स्त्रिया चालवतात. शर्ट-पँटचा गणवेश, केस टोपीखाली, पायात सुरक्षेचे बूट. जी मुलगी तिथं मोटारीचे नट आवळते, तिनं घरी पंख्याचा स्क्रू आवळायला घाबरायचं का?

कलम २२ मधला शहाणपणा मात्र आपण घेऊ या, आणि तो बाई-पुरुष सगळ्यांना लावू या. चालू यंत्राला हात लावायचा नाही. पदर खोचायचा, केस बांधायचे, बांगड्या काढायच्या.

आवाज ओळखा

वैद्य नाडी बघतो तसं आपण आधी आवाज ऐकायचा. पंखा सुरू करा, थोडं चालू द्या आणि मग बटण बंद करा. पाती लगेच थांबत नाहीत, थोडा वेळ फिरत राहतात. तेव्हा कान द्या. बटण बंद करताक्षणी आवाज गेला, पाती मात्र अजून फिरतायत, तर दोष विजेकडचा आहे. पाती थांबेपर्यंत आवाज येत राहिला, तर दोष फिरण्याचा किंवा बसवण्याचा आहे. एवढ्या एका परीक्षेनं निम्मं काम होतं.

आता आवाजाची जात बघा.

खडखड. काहीतरी सैल आहे. भिंतीतले स्क्रू, पुढची जाळी, किंवा बाहेरच्या बाजूच्या वाऱ्यानं उघडमीट होणाऱ्या पट्ट्या.

थडथड, आणि सोबत सगळी चौकट थरथरते. पात्यांचा तोल गेला आहे. बहुतेक वेळा एका पात्यावर मळ जास्त साचलेला असतो. वाफ, साबण, धूळ आणि केस मिळून त्याचा चिकट थर होतो.

खर्र-खर्र, ठरावीक अंतरानं. पातं चौकटीला घासतंय.

किर्र किंवा बारीक चीं. बुश कोरडी पडली आहे. थंडीत सकाळी जास्त आणि थोड्या वेळानं कमी होत असेल तर नक्कीच.

घर्रघर्र, जात्यात खडा आल्यासारखा. छर्र्यांचं बेअरिंग झिजलं आहे.

नुसतं हुं हुं, आणि पाती फिरत नाहीत किंवा अगदी हळू फिरतात. कपॅसिटर कमजोर झाला असेल, नाहीतर दांडा जाम असेल. असा पंखा लगेच बंद करा. अडकलेली मोटर तापून जळते.

आणखी एक तपासणी. पंखा चालू ठेवून न्हाणीघराचं दार किंचित उघडा. आवाज लगेच हलका झाला तर पंख्याला हवाच मिळत नाहीये. जेवढी हवा बाहेर जायची तेवढी आत यायला वाट हवी. दाराखाली बोटभर फट नसेल तर पंखा नुसता धापा टाकतो.

दुरुस्ती, क्रमाक्रमानं

पहिलं काम वीज बंद. नुसतं बटण नाही, घराचा मेन किंवा त्या खोलीचा एमसीबी पाडा. पुष्कळ ठिकाणी वायरिंग चुकलेलं असतं आणि बटण बंद असूनही पंख्यात वीज राहते. म्हणून टेस्टर लावून बघा. तो टेस्टर आधी चालू असलेल्या पॉईंटवर लावून तपासा, म्हणजे तो स्वतः ठीक आहे हे कळेल. फरशी कोरडी करा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल. बादली उलटी घालून तिच्यावर उभं राहू नका, डगमगणारं स्टूल नको. खाली एकीनं धरून उभं राहावं.

दुसरं काम सफाई आणि आवळणं. जाळी काढा. पाती हातानं फिरवून बघा, हलकी फिरतात का, कुठं अडतात का. ब्रश आणि साबणाच्या ओल्या फडक्यानं प्रत्येक पातं पुढून-मागून पुसा. सगळी पाती सारखीच स्वच्छ हवीत, एक राहिलं तरी तोल जाईल. पाणी ओतू नका, मोटरीत जाऊ देऊ नका. पातं काढायचं असेल तर मधला नट जपून सोडवा. काही पंख्यांत तो उलट्या आट्यांचा असतो, नेहमीच्या दिशेनं जोर लावला की आणखी घट्ट होतो आणि शेवटी प्लॅस्टिक फुटतं. बहुधा त्यावर बाण काढलेला असतो, तो बघा.

चौकटीचे सगळे स्क्रू थोडे थोडे आळीपाळीनं आवळा. भिंतीतला गुट्टा सैल झाला असेल तर नवा बसवा. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून घाला. रबर थरथर गिळतं आणि भिंत ढोलासारखी वाजायची थांबते. बाहेरच्या पट्ट्या खडखडत असतील तर त्यांच्या बिजागऱ्या पुसा. कबुतराचं घरटं, कोळिष्टकं, पिशव्या आहेत का बघा.

एवढ्यावर पुष्कळ पंखे गप्प होतात. नाही झाले तर तिसरं काम, तेल. मोटरीच्या दोन्ही टोकांना दांडा जिथं आत जातो तिथं बुश असते आणि तिच्याभोवती पुष्कळदा तेल धरून ठेवणारी नमद्याची चकती असते. तिथं शिवणयंत्राचं तेल दोन-तीन थेंब सोडा. पाती हातानं फिरवा, तेल मुरू द्या, रात्रभर राहिलं तर उत्तम. जास्त ओतू नका. जास्तीचं तेल उडून धूळ धरतं.

इथं एक चूक घरोघर होते. हाताशी असतं म्हणून खोबरेल घालतात. खोबरेल थंडीत गोठतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक! आपल्या पट्ट्यात पौष-माघात सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते. तसंच ते बुशमध्ये गोठतं. गोडं तेलही नको, ते काही दिवसांत चिकट होऊन डिंकासारखं बसतं. एरंडेल बैलगाडीला ठीक होतं, तिचं चाक सावकाश फिरतं. पंखा मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेतो.

चौथं काम बेअरिंग. वीज बंद असताना पात्याचं मधलं बोंड धरून आडवं हलवून बघा. दांडा पुढे-मागे किंचित सरकला तर हरकत नाही. पण आजूबाजूला डगडगला, तर बुश किंवा बेअरिंग झिजलं आहे. तिथं तेल घालून फक्त चार दिवस ढकलले जातात. दोन्ही बाजूंनी पत्र्याची किंवा रबराची झाकणं असलेल्या बेअरिंगला बाहेरून तेल घालून उपयोगच नसतो, ते बदलायचंच.

बेअरिंग बदलायला मोटर उघडावी लागते. ते काम येणाऱ्या बाईकडे किंवा बाप्याकडे द्या. पण दुकानातून बेअरिंग आणायचं ज्ञान आपल्याकडे हवं. कडेवर नंबर कोरलेला असतो. छताच्या पंख्यात ६२०१, ६२०२ असे नंबर नेहमी दिसतात. शेवटचे दोन आकडे भोकाचं माप सांगतात. ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. त्यापुढे आकड्याला पाचनं गुणायचं, ०४ म्हणजे २०. ६२०१ चं भोक १२, बाहेरचा व्यास ३२ आणि जाडी १० मिलिमीटर. हेच माप स्वीडनमध्ये, जर्मनीत आणि चिंचवडला. जुनं बेअरिंग सोबत न्या, नंबर वाचून दाखवा. बसवणाऱ्याला सांगा की हातोडी बाहेरच्या कड्यावर मारू नको, दांड्यावर बसवताना आतल्या कड्यावरच दाब दे. नाहीतर छर्र्यांना खड्डे पडतात आणि नवं बेअरिंगही पहिल्या दिवसापासून घुरघुरतं.

पाचवं, हुं हुं करणारा पंखा. कपॅसिटर बदलताना त्याच्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा. "थोडा मोठा घाला, जोरात फिरेल" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, मोटर तापते. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, म्हणून त्याच्या टोकांना हात लावायचा नाही. हे काम माहितगारानंच करावं. अगदी लहान प्लॅस्टिकच्या पंख्यांत कपॅसिटर नसतोही. त्यांची मोटर उघडण्यासारखी नसेल तर नवा पंखा घेणं बरं.

बंद पंख्याची किंमत

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आवाजाच्या त्रासापायी बंद केलेल्या पंख्यानं नुसती बुरशी वाढत नाही. आपल्या भागात गॅस गिझर पुष्कळ न्हाणीघरांत आहेत. सिलिंडरचा गॅस जळायला हवा लागते. बंद खोलीत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात आणि कडी आतून लावलेली असते. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. त्यात नवी नवरी असते, शाळकरी मूल असतं.

म्हणून नीट ऐका. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत नकोच, तो बाहेर मोकळ्या हवेत हवा. पंखा लावला म्हणजे आतला गिझर सुरक्षित झाला असं नाही. बाहेरून हवा येण्याची वाट नसेल तर पंखा गिझरचा धूर उलट खोलीत ओढू शकतो. गिझर आतच असेल आणि आज हलवणं शक्य नसेल, तर आधी बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडं ठेवून हवा जाऊ द्या आणि मगच अंघोळीला जा. घरमालकाकडे गिझर बाहेर काढण्याची मागणी चौघीजणींनी मिळून करा. एकीला "खोली सोडा" म्हणता येतं, चौघींना म्हणणं सोपं नसतं. आणि गॅस गळतीचा वास आला तर पंख्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, ठिणगी पडते. दारं-खिडक्या उघडा, सिलिंडर बंद करा, बाहेर पडा.

वीज जळते म्हणून पंखा बंद ठेवणाऱ्यांसाठी हिशेब सांगते. ३० वॉटचा पंखा रोज एक तास चालला तर महिनाभरात एक युनिटही होत नाही. अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं तरी तो चालू राहू द्या.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. एक टेस्टर, एक स्क्रूड्रायव्हर, शिवणयंत्राच्या तेलाची बुधली आणि सायकल ट्यूबचा तुकडा, एवढं साहित्य गटाच्या पैशातून घेऊन एका डब्यात ठेवा. डबा आळीपाळीनं घरोघर फिरू द्या. ज्या मुलींना यात गोडी वाटेल त्यांना आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनच्या वर्गाची माहिती द्या. पिंपरी-चिंचवड महापालिकेची आयटीआय मोरवाडीत आहे. आपल्या गावाला येणारा पुढचा वायरमन ही आपलीच लेक असू शकते.

आणि डबा उघडण्याआधी मेन पाडायला विसरू नका.